साध्या रेषेची किंमत



या व्यासपीठावरून इतिहासाविषयी बोलावयाचे म्हणजे आमच्यासारख्याने थोडे दबकूनच बोलले पाहिजे. आमचे शालेय शिक्षण आठवीत संपले. पुढे जे काही वाचन झाले ते रात्रपाळी नसेल त्या दिवशी, युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आधाराने. तेव्हा राजांचा आणि लढायांचा इतिहास आम्ही सांगणार नाही. तो सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही आज एका रेघेचा इतिहास सांगणार आहोत. पोस्टकार्डावर मावेल एवढ्याच रेघेचा.

निमित्त असे घडले. गेल्या वर्षी आमच्या संघटनेने आठ चित्रकार्डांचा एक संच काढावयाचे ठरविले. आठ कार्डे म्हणजे आठ धंदे : माथाडी, विडी, ऊसतोड, बांधकाम, यंत्रमाग, सफाई, घरकाम आणि छापखाना. हेतू दुहेरी होता. विक्रीतून आजारी सभासदांच्या मदतनिधीत चार पैसे पडावेत, आणि जी माणसे एरवी चित्रात येत नाहीत ती एकदा तरी चित्रात यावीत. चित्रे काढण्याचे काम एका सभासदाच्या मुलीने पत्करले. संगणकावर चित्रे काढून देणे हाच तिचा व्यवसाय आहे. बैठकीत तिच्या मेहनतान्याचा विषय निघाला, तेव्हा आमच्यातलाच एक जण म्हणाला, "साधीच तर चित्रं आहेत. चार रेघा मारायच्या. त्याला कसले पैसे?"

मित्रहो, हे वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत, पण मेजाच्या पलीकडच्या बाजूने. हमालाचे काम साधे, विडी वळणे साधे, धुणीभांडी तर कामच नव्हे! मजुरी कमी द्यावयाची असली की प्रथम काम साधे ठरवावे लागते. तेच वाक्य आपल्या घरात ऐकले तेव्हा आम्हांला शरम वाटली. मग आम्ही ठरविले, की ही साधी रेघ आली कोठून आणि ती कोणाकोणाच्या हातून घडली, याचा शोध घ्यावयाचा. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम पोस्टकार्डच घ्या. पोस्टकार्ड हे मुळात गरिबाचे पत्र. १८६९ च्या जानेवारीत एमान्युएल हेरमान नावाच्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाने व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात लेख लिहिला. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पुरे टपालहशील कशाला खर्चावयाचे, असा त्याचा सवाल होता. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने जगातले पहिले सरकारी पोस्टकार्ड काढले. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसाचे घराशी जे नाते टिकले, त्यात मनिऑर्डरीचा वाटा जेवढा, तेवढाच या एका पैशाच्या कार्डाचाही आहे. ज्याला लिहिता येत नसे तो लिहून घेई. ज्याला वाचता येत नसे ती मास्तरांकडून वाचून घेई.

या कार्डावर चित्र मागाहून आले. सुरुवातीला एका बाजूस फक्त पत्ता आणि दुसऱ्या बाजूस मजकूर असा टपालाचा दंडक असे. त्यामुळे चित्र काढावयाचे तर मजकुराच्या जागेतच कोपरा शोधावा लागे. १९०२ मध्ये इंग्लंडने पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ मारून अर्ध्या भागात मजकूर लिहू देण्यास परवानगी दिली. जर्मनीने १९०५ मध्ये व अमेरिकेने १९०७ मध्ये तेच केले. टपालखात्याने एक उभी रेघ काय मारली, कार्डाची दुसरी बाजू चित्रकाराला सबंध मोकळी झाली! नियमातल्या लहानशा फरकाने केवढा धंदा उभा राहतो याचे हे उत्तम उदाहरण होय.

ही चित्रे छापली जात ती बहुतेक शिळाछापावर. शिळाछापाची युक्ती जर्मनीत बव्हेरियामध्ये आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. हा गृहस्थ नाटके लिही आणि ती स्वस्तात छापावयाची सोय शोधत होता. तेलकट शाईने चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर काढावयाचे, शिळा ओली करावयाची, मग शाईचा रूळ फिरवावयाचा. तेल पाण्याला धरीत नाही, म्हणून शाई फक्त रेघेवर बसते. तत्त्व एवढेच. पण रंगीत चित्र छापावयाचे झाले म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. मूळ चित्रातला रंग न् रंग सोडवून कोणता भाग कोणत्या शिळेवर जाईल हे ठरविणारा, आणि तो शिळेवर उलटा काढणारा, असा एक स्वतंत्र कारागीर वर्ग या धंद्यात तयार झाला.

राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. त्यांपैकी कित्येक चित्रे पोस्टकार्डांवरही आली. पण त्या लक्ष्मीच्या साडीवरची छटा शिळेवर ठिपक्याठिपक्यांनी उतरविणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मूळ चित्रकार राजा होता, म्हणून त्याचे नाव राहिले. छापणारे पगारी होते, त्यांचे हजेरीपत्रक कोण जपून ठेवतो!

त्याच सुमारास कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली. धुरंधर हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी व पुढे तेथीलच शिक्षक. देवदेवतांच्या जोडीला रस्त्यावरचा साधा माणूसही कार्डावर येऊन बसला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. आमच्या आठ कार्डांचे कूळ शोधावयाचे झाले तर ते तेथवर नेऊन पोचविता येईल.

आता आम्ही जरा छापखान्याच्या मागल्या दाराने आत शिरतो. शिळेनंतर आला ब्लॉक. ज्यांनी खिळ्यांचे छापखाने पाहिले आहेत त्यांना आठवत असेल, की ब्लॉकचे दोन प्रकार असत. एक हाफटोन ब्लॉक. फोटो छापावयाचा तर तो. जाळीतून फोटो घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करावयाचे. लांबून पाहिले की ठिपके मिसळून छटा दिसते. दुसरा लाईन ब्लॉक. त्यात छटा नाही. काळे ते काळे, पांढरे ते पांढरे. जस्ताच्या पत्र्यावर प्रकाशाने चित्र उतरवावयाचे आणि उरलेला पत्रा तेजाबाने खाऊ द्यावयाचा. रेघ तेवढी वर उभी राहते. लाईन ब्लॉक स्वस्त पडे, कसल्याही खरबरीत कागदावर उठे, ट्रेडलवर चाले. म्हणून हँडबिले, पंचांगे, औषधांची लेबले आणि आमची संपाची पत्रके यांवर जी चित्रे दिसत ती लाईनची असत. साधी रेघ गरिबांच्या वाट्यास आली ती प्रथम अशी, म्हणजे परवडली म्हणून!

आमच्या संघटनेत एक ज्येष्ठ सभासद आहेत. तरुणपणापासून ब्लॉक करण्यात त्यांची हयात गेली. तेजाबाच्या वाफेने छातीत भरलेला खोकला अजून त्यांची सोबत करीत आहे. ऑफसेट आला, मागून संगणक आला, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत त्यांचा धंदाच नाहीसा झाला. मालकाने वाईट वागविले असे नव्हे. वागविण्यासाठी कामच उरले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी या माणसाने एका इमारतीवर पहारेकऱ्याची नोकरी धरली. आमच्या कार्डांच्या कामात त्यांचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आताच त्यांची ओळख करून देऊन ठेवतो.

परवडते म्हणून साधी, हे झाले साध्या रेघेचे पहिले कारण. पण साधेपणा मुद्दाम, विचाराने पत्करला गेला त्याचीही कथा आहे, आणि ती पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्ना शहरात घडली. त्या काळी तेथील नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती होती. १९२३ ते १९३४ या काळात तिने कामगारांसाठी सुमारे साठ हजार घरे बांधली. घरांचा पैसा कोठून येतो, क्षयाने किती माणसे मरतात, बेकारी किती वाढली, हे सारे कामगाराला स्वतःला समजले पाहिजे असे ओटो नॉयराट या अर्थशास्त्रज्ञाचे म्हणणे होते. त्याने १९२५ मध्ये समाज व अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय काढले. त्यात जुनी भांडी नव्हती की राजांच्या तलवारी नव्हत्या. होते ते आकडे, पण चित्रांच्या रूपाने मांडलेले.

त्याची रीत सांगण्यासारखी आहे. संख्या वाढली म्हणून चित्र मोठे काढावयाचे नाही; तेच चित्र अधिक वेळा काढावयाचे. दुप्पट बेकार दाखविण्यासाठी दुप्पट उंचीचा माणूस काढला तर तो रुंदीलाही दुप्पट होतो, आणि डोळ्याला चौपट वाटतो. म्हणजे आकडा खरा असून चित्र खोटे बोलते. त्याऐवजी एका ओळीत पाच माणसे व दुसऱ्या ओळीत दहा काढली की पोरसुद्धा मोजून घेईल. पण एकच माणूस शंभर वेळा छापावयाचा तर तो कसा असला पाहिजे? त्याला चेहऱ्याचे बारकावे नकोत, कपड्याच्या सुरकुत्या नकोत, सावली नको. आणि तरीही तो बेकार आहे की खाणकामगार, हे एका नजरेत कळले पाहिजे.

हे काम गेर्ड आर्न्ट्स या जर्मन चित्रकाराने केले. तो लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरी आणि त्याचे पाहिजे तितके ठसे काढी. कोरताना हात आपोआपच कमी रेघांत काम भागवितो, कारण प्रत्येक रेघ पात्याने खोदावी लागते. त्याचा बेकार कामगार पाहा : डोक्यावर टोपी, दोन्ही हात खिशात. एवढेच! काम करावयाचे हात खिशात गेले आहेत, ही एकच गोष्ट त्याने ठेवली आणि बाकी सारे काढून टाकले. अशी सुमारे चार हजार चिन्हे त्याने आयुष्यात काढली. मारी रायडेमायस्टर ही बाई आकड्यांच्या ढिगाऱ्यातून चित्रात काय घ्यावयाचे व काय वगळावयाचे हे ठरवी. तिच्या कामाला त्या संस्थेत 'रूपांतर करणे' असेच नाव होते. म्हणजे साधे चित्र काढण्यास अर्थशास्त्रज्ञ, रूपांतर करणारी आणि कोरणारा, असे तीन धंदे एकत्र यावे लागले. चार रेघा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९३४ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नातील कामगार चळवळ तोफा लावून चिरडली गेली. संग्रहालयही गेले. नॉयराट व त्याचे सहकारी हॉलंडमध्ये हेग येथे गेले. तेथेच १९३५ मध्ये या पद्धतीला आयसोटाइप हे नाव मिळाले. १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, तेव्हा नॉयराट व मारी एका बोटीतून इंग्लंडला निसटले. रेल्वे स्टेशनांवर व विमानतळांवर बाईच्या आणि पुरुषाच्या ज्या सपाट काळ्या आकृत्या आपण पाहतो, त्यांचे घराणे या पळून गेलेल्या माणसांपाशी जाऊन पोचते.

याच तत्त्वाची एक कसोटी आपल्या देशातही लागली. १९५१ च्या जनगणनेत शंभरांतली जेमतेम अठरा माणसे साक्षर निघाली. आणि १९५१-५२ मध्ये तर पहिली सार्वत्रिक निवडणूक! मतदाराला नाव वाचता येत नाही, तेव्हा उमेदवाराच्या पेटीवर चित्र लावण्यात आले. बैलजोडी, झोपडी, झाड, विळा-कणीस. ही चित्रे सुंदर असावीत अशी अट नव्हती. काळ्या शाईत, वाईट कागदावर, लहान आकारात छापूनही म्हातारीने ओळखली पाहिजेत आणि एकाचा दुसऱ्याशी घोटाळा होता कामा नये, ही अट होती. त्या चित्रांवर भरवसा ठेवून कोट्यवधी माणसांनी मत दिले. साध्या रेघेने एवढे मोठे काम जगात फार थोड्या ठिकाणी केले असेल.

येथवर रेघ हाताची होती. ती आकड्यांची कशी झाली, ही पुढची कथा मोटारीच्या कारखान्यात घडते. छापखान्यातून एकदम मोटारीच्या कारखान्यात कसे, असे आपण म्हणाल. आम्हांलाही तसेच वाटले होते. एके दिवशी आमच्या त्या चित्रकार मुलीने पडद्यावर विडी कामगार बाईच्या पाठीची वळणदार रेघ दाखविली. रेघेच्या दोन टोकांना दोन ठिपके होते आणि त्यांतून दोन दांड्या निघाल्या होत्या. दांडी ओढली की रेघ वाकत होती, लवचीक वेताला ओढल्यासारखी. याला काय म्हणतात असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बेझिए." हे कोणाचे नाव, ते मात्र तिला ठाऊक नव्हते. आम्ही शोधले.

पिएर बेझिए हा फ्रेंच इंजिनियर. १९३३ मध्ये तो रेनो मोटार कारखान्यात लागला तो यंत्रांची हत्यारे जुळविणारा म्हणून, आणि तेथेच त्याने बेचाळीस वर्षे काढली. मोटारीचा बाहेरचा पत्रा वळणदार असतो. हे वळण पूर्वी कसे ठरत असे? आखणारा कागदावर काढी. त्यावरून दुसरा पूर्ण आकाराची आखणी करी. तिसरा मातीचा किंवा लाकडाचा नमुना बनवी. चौथा त्यावरून पत्रा दाबण्याचे साचे कापी. जहाजाच्या व विमानाच्या कारखान्यांत तर लवचीक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून वळण आखीत. प्रत्येक टप्प्यावर कारागिराचा अंदाज थोडासा मिसळे. त्या अंदाजातच त्याचे कसब होते. आणि शेवटी साचा जुळला नाही तर भांडणही तेथूनच निघे. खरे वळण कोणाचे? कागदाचे, लाकडाचे की साच्याचे?

१९६० च्या दशकात बेझिएने ठरविले, की वळण हे आकड्यांनीच सांगावयाचे, म्हणजे यंत्र ते थेट कापील आणि वादाला जागा उरणार नाही. रेघेच्या एका तुकड्याला चार बिंदू पुरतात : दोन टोकांचे, आणि दोन बाहेरचे, जे रेघेला आपल्याकडे ओढतात. चार बिंदू म्हणजे कागदावर अवघे आठ आकडे. त्याच्याही आधी, १९५९ च्या सुमारास, सिट्रोएन कारखान्यात पॉल द कास्टेल्जो या गणितज्ञाने हीच वाट शोधली होती. पण कारखान्याने ते काम गुप्त ठेवले. बेझिएने आपले काम प्रसिद्ध केले. म्हणून जगभर त्या वळणाला त्याचे नाव लागले. नाव कोणाचे राहते आणि कोणाचे जाते हा प्रश्न येथेही आलाच!

पुढचा प्रवास भराभर झाला. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ काढून दाखविली. १९८४ मध्ये अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा काढली. कागदावर कोणती रेघ कोठून कोठे जाईल हे छपाईयंत्राला सांगणारी ती भाषा. तिच्यातली वळणे याच चार बिंदूंची. अक्षरेही तशीच बनू लागली. १९८७ मध्ये त्याच कंपनीचे इलस्ट्रेटर आले आणि मोटारीचे वळण चित्रकाराच्या मेजावर येऊन पडले. २००३ मध्ये इंकस्केप नावाचा, कोणासही फुकट वापरता येईल असा कार्यक्रम अनेक देशांतल्या लोकांनी मिळून सुरू केला. आमची कार्डे त्यावरच झाली.

अशा चित्राला व्हेक्टर चित्र म्हणतात. त्याचा गुण काय, हे आम्ही एका हिशेबाने समजून घेतले. आपले पोस्टकार्ड चौदा सेंटिमीटर लांब व नऊ सेंटिमीटर रुंद. फोटोसारखे चित्र नीट छापावयाचे तर इंचाला तीनशे ठिपके धरतात. म्हणजे एका कार्डावर सुमारे साडेसतरा लाख ठिपके झाले. ते चित्र भिंतीएवढे करू गेलो तर ठिपकेच मोठे होऊन डोळ्यांत खुपतात. व्हेक्टरमध्ये सूर्याचा गोल काढावयास वळणाचे चार तुकडे पुरतात, म्हणजे सारे मिळून बारा बिंदू. तेच बारा बिंदू कार्डावर चालतात आणि मोर्चाच्या फलकावरही चालतात. आमच्या ज्येष्ठ ब्लॉकवाल्या सभासदांना हे सांगितले, तेव्हा ते हसले आणि त्या मुलीला म्हणाले, "पोरी, नवीन काय त्यात? ते हाफटोनचं काम, नि हे लाईनचं." मुलगी चपापली. मग म्हणाली, "काका, मला हे इतकं सोपं करून कोणी सांगितलंच नव्हतं."

त्या दिवसापासून ते रोज तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. तिने विडी कामगार बाईचे जे पहिले चित्र केले होते, त्यात लुगड्याचे काठ होते, भिंत होती, खिडकी होती, बाजूला मूलही होते. चित्र वाईट नव्हते. पण कार्डाच्या आकारात सारा गलबला झाला. काकांनी विचारले, "ह्यातलं काय काढलं तर बाई विडीची राहणार नाही?" दोघांनी एकेक वस्तू काढून पाहिली. खिडकी गेली, भिंत गेली, शेवटी चेहराही गेला. मांडीवरचे सूप मात्र जाईना. सूप काढले की ती कोणीही बसलेली बाई होई. मग सूप, त्यावर वाकलेली मान आणि दोन हात, एवढेच राहिले. माथाड्याच्या कार्डावर पाठीवरचे पोते आणि हातातला हूक राहिला. ऊसतोडणीत कोयता आणि डोईवरची मोळी. बांधकामात घमेले. प्रत्येक कार्डाला दोनच रंग. हे सारे होण्यास साडेतीन महिने लागले. साधे चित्र म्हणजे न काढलेल्या रेघांचा हिशेब. आणि तो हिशेब करावयास वेळ लागतो.

अडचण आली ती आठव्या कार्डावर, म्हणजे छापखान्याच्या. जुन्या सभासदांचे म्हणणे, खिळ्यांची पेटी आणि जुळारी दाखवा. तरुण म्हणाले, जुळारी आता आहे कोठे? संगणक दाखवा. बैठकीत आवाज चढले. आमच्या ध्यानात आले की वाद चित्राचा नाही. एका पिढीचे कसब दुसऱ्या पिढीच्या यंत्रात विरघळून गेले, आणि त्याबद्दल कोणी कोणाशी कधी बोललेच नव्हते. लंडनमध्ये १९८६ साली वॅपिंगच्या नव्या वृत्तपत्र छापखान्यावरून पाच हजारांहून अधिक छपाई कामगारांनी संप केला, नोकऱ्या गमावल्या, वर्षभर लढले आणि हरले. जगाच्या वर्तमानपत्रांत ते छापून आले. आमच्याकडचे जुळारी आणि ब्लॉकवाले मात्र दोन-दोन, चार-चार असे लहान छापखान्यांतून घरी गेले. त्याची ना बातमी झाली, ना संप. युनियन म्हणून आम्हीही त्या वेळी पुरेसे जागे नव्हतो, ही कबुली येथे दिलीच पाहिजे. यंत्र येऊ नये असे आम्ही म्हटले नसते. पण यंत्र शिकण्याचा पहिला हक्क त्याच धंद्यातल्या माणसाचा, हे आम्ही म्हणावयास हवे होते. रेघ ओळखणारा डोळा काकांपाशी तीस वर्षांचा तयार होता. तो पहाऱ्यावर बसला, आणि नव्या मुलांना रेघ पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. यात नुकसान एकट्या काकांचे झाले काय?

आणि जी मुले आज हे काम करतात, त्यांची स्थिती कशी आहे? ती नगावर काम करतात. एका चिन्हाचे इतके, एका कार्डाचे इतके. हजेरी नाही, रजा नाही, दुरुस्त्या कितीही सांगितल्या तरी फुकट. त्या मुलीने हे सांगितले, तेव्हा आम्हांला विडीच्या कारखान्यातला छाट आठवला. हजार विड्या मोजून घ्यावयाच्या, आणि त्यांतल्या वाईट म्हणून बाजूला काढलेल्यांची मजुरी द्यावयाची नाही! १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या चित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने, हक्क विकला गेला तरी हे काम माझे आहे असे सांगण्याचा अधिकार करणाऱ्यापाशी राहतो. हे किती जणांना माहीत आहे? चित्राचे आकडे झाले, ते क्षणात हजार ठिकाणी पोचतात. ज्याने पहिला बिंदू ठेवला त्याचे नाव मात्र त्यांच्यासोबत जात नाही. शिळेवर ठिपके टाकणाऱ्याचे जे झाले, तेच पडद्यावर बिंदू ठेवणाऱ्याचे होऊ घातले आहे.

आठव्या कार्डाचा तंटा अखेरीस काकांनीच मिटविला. ते घरून एक भिंग घेऊन आले. ब्लॉकवरची रेघ आणि ठिपका तपासण्याचे, पितळेचे, घडीचे भिंग. ते म्हणाले, "मी हे वापरत होतो. ऑफसेटवरचा मशीनमन आजही हेच वापरतो. हिचं चित्र छापून आलं की तीसुद्धा ह्यातूनच बघणार." कार्डावर एक हात आहे, हातात भिंग आहे, आणि भिंगाखाली एक वळणदार रेघ आहे. चेहरा नाही. तो हात जुळाऱ्याचा म्हणा, मशीनमनचा म्हणा, नाही तर त्या मुलीचा म्हणा.

मेहनतान्याचा ठराव नंतर एकमताने मंजूर झाला. ज्याने चार रेघांचे वाक्य उच्चारले होते त्यानेच तो मांडला, हे सांगितलेच पाहिजे. प्रत्येक दुरुस्तीचे पैसे स्वतंत्र धरले. आणि कार्डाच्या मागे, पत्त्याच्या रेघेशेजारी, बारीक अक्षरांत आम्ही नावे छापली : चित्र काढणारी, रेघ तपासणारे, प्लेट करणारा, यंत्र चालविणारा आणि कापणारा. छापखान्याचा मालक म्हणाला, एवढ्या लहान कार्डावर एवढी नावे कशाला, जागा जाते. आम्ही त्यांना सांगितले, की जागा मोजूनच ठेवली आहे.